लिंकरपाशी अडलेल्या वाचकासाठी

क्रिप्टोग्राफीची पुस्तके मूळ संख्यांपासून सुरू होतात, आणि ते योग्यच आहे. माणूस अडतो तो मात्र भलत्याच ठिकाणी. आरएसए समजलेले असते, एईएसच्या फेऱ्या वहीत मांडून झालेल्या असतात, ओपनएसएसएलचा सोर्स कोड उतरवून घेतलेला असतो. आणि टर्मिनलवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या ओळींची रांग लागते. इथे गणित कामाला येत नाही. हाच टप्पा पुढील प्रकरणांचा विषय आहे. बिल्ड करणे ही हमाली, खरा अभ्यास अल्गोरिदमचा, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मला ते मान्य नाही. संगणकावर प्रत्यक्ष चालणारी क्रिप्टोग्राफी कागदावरच्या सूत्राइतकीच कंपायलर, लिंकर आणि लोडर यांच्या हातून घडते.

उदाहरणांसाठी ओपनएसएसएल घेतले आहे, कारण या क्षेत्रातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका लायब्ररीत भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच तिच्या इतिहासातून आलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एरिक यंग आणि टिम हडसन यांनी लिहिलेल्या लायब्ररीतून डिसेंबर 1998 मध्ये ओपनएसएसएल प्रकल्प निघाला. यंग यांची आद्याक्षरे विंडोजवर पुढे कित्येक वर्षे टिकली: तिथल्या फाइलचे नाव 'लिबईएवाय32' होते. ऑगस्ट 2016 मधल्या 1.1.0 आवृत्तीत ते बदलून 'लिबक्रिप्टो' झाले. जुनी शिकवणी समोर ठेवून नवी लायब्ररी जोडणाऱ्याला व्हिज्युअल स्टुडिओचा लिंकर 'फाइल उघडता येत नाही' असे सांगतो, तेव्हा फाइल हरवलेली नसते; तिचे नाव बदललेले असते.

नवख्या वाचकाने पहिली सवय लावून घ्यावी ती अशी: एरर आली की आधी पाहावे, ती कोणी दिली. हेडर सापडले नाही, ही तक्रार कंपायलरच्या आधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरची. प्रकार अपूर्ण आहे, व्हेरिएबलचा आकार माहीत नाही, ही कंपायलरची. सिम्बॉल सापडला नाही, ही लिंकरची. आणि प्रोग्राम तयार होऊनही सुरू होताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता आली नाही' असे आले, तर बोलणारा लोडर आहे. लिंकरच्या तक्रारीवर हेडरचे पाथ बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. हे वाचायला सोपे वाटते. रात्री अकरा वाजता भलेभले विसरतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष एकच: हेडर एका आवृत्तीची, लायब्ररी दुसरीची. एकाच मशीनवर ओपनएसएसएलच्या दोनतीन प्रती असणे नेहमीचे आहे. एक सिस्टिमची, एक स्वतः बिल्ड केलेली, एखादी दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत आलेली. कोणती सरमिसळ झाली हे एररमधल्या नावावरूनच कळते. जुन्या 1.0.2 मध्ये 'एसएसएल_लायब्ररी_इनिट' हे खरे फंक्शन होते, 1.1.0 पासून ते नुसते मॅक्रो उरले आणि काम 'ओपनएसएसएल_इनिट_एसएसएल'कडे गेले. म्हणजे लिंकरला पहिले नाव सापडत नसेल तर हेडर जुने आणि लायब्ररी नवी. दुसरे सापडत नसेल तर उलट. त्याच आवृत्तीत बहुतेक स्ट्रक्चर्सचे पोट झाकले गेले. त्यामुळे 'ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स' थेट स्टॅकवर मांडणारा जुना कोड आता कंपायलरपाशीच थांबतो. तिथे पाथ शोधू नयेत, कोड बदलावा: पॉइंटर घ्यावा आणि 'न्यू' फंक्शनने जागा मागावी.

उबुंटूवर लायब्ररींचा क्रमही आडवा येतो. तिथला लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तोवर कोणाला गरज पडली नसेल ती लायब्ररी सोडून देतो. म्हणून आधी आपली फाइल, मग एसएसएल, मग क्रिप्टो. एसएसएल स्वतः क्रिप्टोवर अवलंबून आहे. मॅक आणि विंडोजवर हा क्रम चुकला तरी बहुधा खपून जातो, आणि म्हणूनच 'माझ्याकडे तर चालतं' हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते. स्वतः बिल्ड केलेली ओपनएसएसएलची 3.0 आवृत्ती 64 बिट लिनक्सवर 'लिब64' या फोल्डरमध्ये जाऊन बसते, उबुंटूचा लोडर तिथे आपणहून पाहत नाही, आणि सगळे नीट जोडूनही प्रोग्राम उठत नाही. ते फोल्डर लोडरच्या यादीत घालून 'एलडीकॉन्फिग' चालवले की काम होते.

मॅकची गोष्ट थोडक्यात: ॲपलने 2011 मध्ये ओपनएसएसएलचा वापर थांबवायला सांगितले आणि 2015 च्या एल कॅपिटनमध्ये हेडर काढूनच टाकले. होमब्र्यू ती लायब्ररी मुद्दाम बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवते. पाथ आपण द्यायचा.

विंडोजवर जरा थांबावे लागते. सोर्समधून बिल्ड करायला पर्ल लागते, आणि तेही विंडोजच्या पद्धतीने पाथ लिहिणारे. गिटसोबत आलेल्या पर्लने कॉन्फिगर अडते. नॅझम हा असेम्ब्लर नसेल तर असेम्ब्ली वगळण्याचा पर्याय आहे, पण मग प्रोसेसरमधल्या एईएसच्या खास सूचना वापरल्या जात नाहीत आणि वेग घसरतो. खरी मेख आहे सी रनटाइमची. आपला प्रोग्राम एक रनटाइम वापरतो, डीएलएल दुसरे. लिंकर काही बोलत नाही. मग आपण उघडलेल्या फाइलचा पॉइंटर, किल्ली वाचण्यासाठी, डीएलएलच्या हाती देतो आणि प्रोग्राम 'नो ओपनएसएसएल_ॲपलिंक' म्हणून मरतो. लायब्ररीसोबत येणारी 'ॲपलिंक' नावाची सी फाइल प्रोग्रामात सामील करणे हा एक मार्ग. मला दुसरा पटतो: फाइल पॉइंटर पलीकडे पाठवूच नये, ओपनएसएसएलचा स्वतःचा इनपुट-आउटपुट थर, बीआयओ, वापरावा.

सी++ मध्ये लिहिलेल्या लायब्ररींचे दुखणे निराळे आहे. वेई दाय यांच्या क्रिप्टो++ मध्ये स्ट्रिंग सर्रास वापरल्या जातात, आणि जीसीसी 5 ने 2015 मध्ये स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. लायब्ररी जुन्या रचनेची आणि प्रोग्राम नव्या रचनेचा असला की न सापडलेल्या नावांत 'सीएक्सएक्स11' असा तुकडा दिसतो. तो दिसला की बाकी काही न तपासता दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा बिल्ड करावे.

एरर गप्प करणे आणि एरर दूर करणे यांतला फरक इतर सॉफ्टवेअरमध्ये थोडाफार चालून जातो. इथे नाही. डेबियनमध्ये 2006 साली, वॅलग्राइंड हे साधन 'न भरलेली मेमरी वाचली जाते' अशी कुरकुर करत होते म्हणून, ओपनएसएसएलच्या यादृच्छिक संख्या जनकातून दोन ओळी काढल्या गेल्या. कुरकुर थांबली. त्यासोबत यादृच्छिकताही गेली. वेगळेपणा उरला तो फक्त प्रोसेस क्रमांकाचा, म्हणजे 32,768 शक्यता. मे 2008 मध्ये हे उघडकीस आले, तोवर त्या यंत्रांवर तयार झालेल्या किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. या काळात लायब्ररी व्यवस्थित कंपाइल होत होती, लिंक होत होती, चालतही होती. बिल्डनंतरची 'मेक टेस्ट' कंटाळा न करता चालवावी हे मी आग्रहाने सांगतो; पण अशा बिघाडाला तीही पुरी पडत नाही, म्हणून डिस्ट्रिब्यूशनने मूळ कोडवर चढवलेले पॅच वाचायला शिकणे हाही या अभ्यासाचा भाग मानला आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या 3.0 पासून अल्गोरिदम 'प्रोव्हायडर'मध्ये विभागले गेले आहेत. आरसी4 किंवा एमडी4 मागणारा जुना प्रोग्राम बिनतक्रार जोडला जातो आणि चालताना 'अनसपोर्टेड' म्हणतो, कारण 'लेगसी' प्रोव्हायडर कोणी लोड केलेला नसतो. अशा वेळी, आणि खरे तर पहिली ओळ कंपाइल करण्याआधीही, 'ओपनएसएसएल व्हर्जन'ला 'ए' पर्याय जोडून चालवावे. पहिल्या ओळीत आवृत्ती दोनदा येते: एकदा ती कमांड ज्या हेडरवर बिल्ड झाली त्यांची, आणि कंसात 'लायब्ररी' म्हणून प्रत्यक्ष लोड झालेल्या फाइलची. दोन्ही जुळत नसतील तर इथून थेट लोडरच्या प्रकरणाकडे जावे. जुळत असतील तर खालच्या ओळींत प्रोव्हायडर कोणत्या फोल्डरमध्ये शोधले जातात ते लिहिलेले असते.