मीठ धुणाऱ्या घरातली लेक

आमच्या सौंसरात बोलणं मराठी अन् सरकारी कागद हिंदी, त्यामुळे मराठी पुस्तकं नागपूरहून यायची. तशीच आलेलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' बँकेच्या प्रत्येक बदलीत सामानासोबत फिरलं. मी वाचलं रिटायर झाल्यावर.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट आपल्याच भागातून सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता! लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे होत्या. काही वर्षं दोघं वेगळे राहिले.

मला थांबवलं ते पुढच्या भागाने. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे की घरात मीठ-साखरही धुवायची. अशी बाई नगरला नवऱ्याकडे परत आली ती स्वतःचं सोवळं सांभाळूनच. कुणाच्या प्रवचनाने ती बदलली नाही. रोजचा स्वयंपाक, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं अन् कुणाच्या नाही, या विचारातच जातिभेद माणसांनी केलेला आहे हे तिचं तिला पटलं. 1900 मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मग घर भरलं. अनाथ पोरं आली. बालकवी ठोंबरेही काही काळ तिथे राहिले, हिंदू म्हणूनच, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. टिळकांच्या हातात मात्र पैसा टिकत नसे. कवी मोठा, पण मी मॅनेजर असतो तर कर्ज दिलं नसतं. महिना कसा निघतो ते लक्ष्मीबाईंनाच ठाऊक.

टिळक 1919 मध्ये गेले. येशूच्या चरित्राचं काव्य, 'ख्रिस्तायन', साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडे लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने पुढचे 64 अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या. पुस्तक छापून आलं 1938 ला.

हे मी जेवताना उत्साहाने सांगत होतो. आमची ही शांतपणे म्हणाली, "टिळकांना देव गाडीत भेटला. दळण कोण आणत होतं तेव्हा?"

माझ्या बदल्यांच्या काळात आमचं दळण कोण आणत होतं, हे मला खरंच आठवेना. विचारलं, तर तिने वर्षानुसार सगळं सांगितलं. छिंदवाड्याच्या एका पावसाळ्यात ती स्वतः, कडेवर धाकटा अन् डोक्यावर डबा. मी तेव्हा ऑडिटला होतो.