पाच खाने

१९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जोडमूळ संख्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज जुळेना. शोध घेता घेता ते इंटेलच्या नव्या पेन्टियम चिपच्या भागाकारापाशी पोचले. ही चिप भागाकाराचा पुढचा अंक आतल्या तक्त्यात पाहून ठरवत असे आणि तक्त्यातल्या पाच खान्यांत २ च्या जागी ० होता. इंटेलच्या हिशेबाने कुठल्याही संख्या घेतल्या तर ९०० कोटी भागाकारांत एखादाच चुकणार. मग नुसत्या टेस्ट केसेस वाढवून तो कधी हाती लागायचा? टेस्ट केस किती यापेक्षा ती कुठून उचलली, याला मोल असते. टिम को या अभियंत्याने तेच केले. चुकलेल्या मोजक्या भागाकारांवरून त्याने चिपची आतली रीत ताडली आणि ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ ही जोडी काढली. उत्तर १.३३३८२ यायला हवे, चिप १.३३३७३ देत होती. ३१४५७२७ हा भाजक द्विमान पद्धतीत लिहिला की १, ० आणि पुढे सलग वीस १ दिसतात. अशा सलग १ च्या रांगेमुळेच भागाकार त्या खान्यांच्या वाटेला जातो.

घडून गेल्यावर शहाणपण सुचते, असे यावर कुणी म्हणेल. पण तक्ता चिप बनवणाऱ्यांच्या हातातच होता आणि त्याचे खाने मोजता येण्याजोगे होते. संख्यांच्या जोड्या अगणित, म्हणून खान्यापासून उलटे चालत त्याच्यापर्यंत नेणारी जोडी शोधायची. हे सोपे नव्हे, हे मान्य. चुकीचा खाना भागाकाराच्या नवव्या पायरीआधी गाठताच येत नाही, हे गणितज्ञ ॲलन एडलमन यांनी पुढे गणिताने दाखवले. तरीही कामाची दिशा तीच. दुसरा आक्षेप खुद्द इंटेलचा होता: सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. हा हिशेब संख्या सरसकट विखुरलेल्या असतात असे धरतो. माणसे तशा संख्या वापरत नाहीत. पूर्णांकापेक्षा किंचित कमी असलेल्या संख्या घेतल्या तर चूक कितीतरी वेळा येते, हे स्टॅनफर्डच्या वॉन प्रॅट यांनी दाखवून दिले. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे कबूल केले. त्यापायी ४७.५ कोटी डॉलर हिशेबात खर्ची पडले आणि पुढच्या चिप्सचा भागाकार कंपनी गणिती सिद्धतेनेही तपासू लागली.