प्रस्तावना: परदेशातले बालपण आणि डॉक्टरकीचा अर्ज

डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला त्याचे बालपण कसे गेले, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. नीटचे गुण, जातीचा नि अधिवासाचा दाखला आणि कॅप फेरी, एवढ्यावर जागा ठरते. अमेरिकेत मात्र हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच पुढे येतो. तिथल्या बहुतेक एम.डी. महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात, मोकळ्या जागा धरून ५३०० अक्षरांत, डॉक्टर का व्हायचे ते लिहावे लागते. पुढे अनेक महाविद्यालये आणखी एक निबंध मागतात: तुमच्या जगण्यातले काय आमच्या वर्गाला उपयोगी पडेल? दुबईत, नैरोबीत किंवा पुण्यात लहानपण काढून तिकडे गेलेली मुले या निबंधांत आपली कहाणी मांडतात. अशा लेखनाचा अभ्यास मराठीत रुजावा, म्हणून हे प्रास्ताविक.

या निबंधामागच्या विचाराला बळ मिळाले तेच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या खटल्यातून. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य वंशांच्या उमेदवारांसाठी राखीव होत्या. ॲलन बाकी या उमेदवाराने त्याविरुद्ध दाद मागितली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राखीव जागा रद्द केल्या. मात्र वर्गात विविधता हवी म्हणून वंश हा अनेक घटकांपैकी एक मानता येईल, असे न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिले. त्याच न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या, हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यातल्या निकालाने वंशाच्या आधारे प्रवेश देण्याची वाट बंद झाली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे उमेदवार अजूनही सांगू शकतो. पण ते त्याच्या स्वतःच्या गुणाशी जोडलेले असले पाहिजे. निबंधावरचा भार त्यामुळे वाढला.

मराठी अभ्यासकाने आरंभ मात्र १८८३ पासून करावा. त्या वर्षी आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. पती गोपाळरावांच्या टपाल खात्यातल्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधले श्रीरामपूर असा त्यांचा संसार फिरत राहिला होता. एखाद्याने या भटकंतीचेच भांडवल केले असते. आनंदीबाईंनी आपल्या निर्धाराचा पुरावा म्हणून आप्तांचा आणि जातीचा विरोध सांगितला, आणि हेतू म्हणून पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींकडे बोट दाखवले. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. हे पत्र काशीबाई कानिटकरांच्या १९१२ च्या चरित्राशेजारी ठेवून वाचले, की स्वतःविषयी स्वतः लिहिणे आणि दुसऱ्याने लिहिणे यांतले अंतर कळते.

उलट दिशेचा प्रवास आयडा स्कडर यांचा. १८७० मध्ये राणीपेटला जन्मलेल्या या मिशनरी कन्येने पुरुष डॉक्टर नको म्हणून बाळंतिणी दगावल्याचे अनुभवले. १८९९ मध्ये त्या कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या आणि मग वेल्लोरला परतल्या. अशा दोन जगांत वाढलेल्या मुलांचा विचार समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम यांनी १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासातून मांडला. तो वापरताना एक सावधगिरी हवी. ती कुटुंबे अधिकाऱ्यांची, मिशनऱ्यांची, कंपन्यांतल्या माणसांची होती. पोटासाठी स्थलांतर केलेल्यांच्या मुलांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

ही त्रुटी सोलापूरच्या आमच्या भवानी पेठेत चटकन लक्षात येते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. आजीचा खोकला सिव्हिलमधल्या डॉक्टरांना मराठीत समजावणारा नातू इथे नवा नाही. याच सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले आणि त्याच भाषेत रुग्णांशी बोलू लागले. परक्या भाषेत दुखणे नीट ऐकता येणे, हे डॉक्टरच्या कामाचे कौशल्य. ते विमानप्रवासाने येते असे नाही आणि पासपोर्ट नसल्याने अडतही नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. परदेशातले बालपण हे निबंधात आपोआप गुण ठरत नाही. सुट्टीत भारतात आलो, गरिबी पाहिली आणि डॉक्टर व्हायचे ठरवले, हा साचा जितका सोपा तितकाच पोकळ. त्यात गरीब माणूस देखाव्यापुरता येतो. त्याचे नाव, त्याचे म्हणणे कुठेच नसते. त्या मुलाला घरात काय करावे लागले, कोणासाठी बोलावे लागले, कुठे गप्प बसावे लागले आणि त्यातून रुग्णाच्या खाटेशेजारी उपयोगी पडेल असे काय अंगी आले, याचे उत्तर देणारा निबंधच खरा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांचे मनापासून स्वागत. आपल्या घरातल्या, नात्यातल्या मुलांनी लिहिलेले असे अर्ज त्यांच्या परवानगीने जपून ठेवा, वाचा, आणि त्यांवर मराठीत लिहा.

भवानी पेठ, सोलापूर