आर्ट्स की सायन्स? १९४२ सालचा हिशेब

"बी.ए. करून काय करशील?" हा सवाल आम्ही नागपूरच्या वस्तीत लहानपणापासून ऐकतो. पोरगं आर्ट्सला गेलं की वाया गेलं म्हणतात. पण ते आर्ट्सलाच का गेलं, हे कोणी पुसत नाही. बाबासाहेबांनी ते पुसलं होतं.

१९४२ च्या जुलैत १८ आणि १९ तारखेला आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन इथंच ठरलं. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा खलिता दिला. त्यात स्पष्ट मांडलं, की कला आणि कायद्याच्या शिक्षणानं आपल्या लोकांचं फार काही साधणार नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाचं वरचं शिक्षण पाहिजे.

आता मांडणारा माणूस पाहा. कोलंबियाचा अर्थशास्त्राचा पीएच.डी., लंडनचा डी.एस्सी., बॅरिस्टर! स्वतः शिकला ते अर्थशास्त्र आणि कायदा. तरी हे लिहिलं, कारण त्यांनी बापाचा खिसा पाहिला. सायन्सचा खर्च झेपत नाही म्हणून आपली पोरं आर्ट्स आणि लॉकडे जातात, हेही त्याच कागदात आहे. आवडीचा प्रश्नच नव्हता, ऐपतीचा होता.

म्हणून त्यांनी पोरांना उपदेश केला नाही, सरकारकडे पैसा मागितला. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांना वर्षाला २ लाख, परदेशी शिक्षणाला १ लाख. वर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली.

याचा अर्थ आर्ट्स टाकाऊ, असा कोणी काढू नये. १९४६ त त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते कला आणि विज्ञान दोन्हींचं. पुढं १९५३ त कॉमर्सचं, १९५६ त लॉचं निघालं. शाळेत संस्कृत नाकारलं म्हणून ज्यांना फारसी घ्यावी लागली, त्यांनी आपल्या पोरांसाठी सगळी दारं उघडी ठेवली.

दोस्तहो, १८७७ ची एम्प्रेस मिल २००२ त बंद पडली. बापामागं पोरगा मिलमध्ये लागायचा, तो आधार गेला. आता पोट शिक्षणावरच आहे. तेव्हा बी.ए.वाल्याला हिणवू नका. त्याचं गाडं कुठं अडलं ते विचारा: फीत, खोलीभाड्यात, की वेळेवर न आलेल्या शिष्यवृत्तीत? वस्तीवस्तीतून हे आकडे गोळा करा आणि बाबासाहेबांनी मांडली तशी मागणी मांडा.