व्हॉयेजर १ : २,४०० कोटी किलोमीटर दूरचा कॉम्प्युटर दुरुस्त कसा केला?

फोन हँग झाला की आपण काय करतो? पॉवर बटण दाबून धरतो, रिस्टार्ट करतो, नाहीच जमलं तर दुकानात घेऊन जातो. आता समजा तो फोन ४६ वर्षं जुना आहे, २,४०० कोटी किलोमीटर लांब आहे आणि त्याला काहीही विचारलं तरी उत्तर यायला जवळपास दोन दिवस लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नासाच्या इंजिनिअर्ससमोर हाच प्रश्न होता. बिघडलं होतं ते व्हॉयेजर १, म्हणजे माणसाने बनवलेली आणि पृथ्वीपासून सर्वात दूर पोचलेली वस्तू.

व्हॉयेजर म्हणजे काय?

१९७७ मध्ये अमेरिकेने दोन यानं सोडली. गंमत बघा, व्हॉयेजर २ आधी निघालं, २० ऑगस्टला, आणि व्हॉयेजर १ नंतर, ५ सप्टेंबरला. पण १ चा मार्ग जवळचा होता, त्यामुळे गुरूपाशी आधी तेच पोचलं. गुरू आणि शनी बघून झाले की त्याचं ठरलेलं काम संपणार होतं. यान मात्र चालतच राहिलं. २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याकडून वाहणाऱ्या कणांचा प्रभाव जिथे संपतो ती सीमा त्याने ओलांडली. आज त्याचा वेग सेकंदाला साधारण १७ किलोमीटर आहे. या वेगाने पुण्याहून मुंबई नऊ-दहा सेकंदांत येईल!

याचे 'स्पेक्स' काय आहेत?

यानावरच्या सगळ्या कॉम्प्युटर्सची मिळून मेमरी सुमारे ७० केबी. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. ट्रान्समीटर साधारण २३ वॉटचा, म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबइतका. डेटाचा नेहमीचा स्पीड सेकंदाला १६० बिट्स. तुमच्या फोनमधला २ एमबीचा एक फोटो या स्पीडने पाठवायचा तर २७ तासांहून जास्त वेळ लागेल. इतका क्षीण सिग्नल पकडायला कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा इथे ७० मीटर व्यासाच्या डिश आहेत. तीन ठिकाणं कशासाठी? पृथ्वी फिरत असते, त्यामुळे कोणती तरी एक डिश यानाकडे तोंड करून असायला हवी.

वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून तयार होते आणि दरवर्षी सुमारे ४ वॉटने कमी होते. चार्जर अर्थातच नाही. म्हणून एकेक उपकरण बंद करत गाडी पुढे ढकलणं चालू आहे.

२०२३ मध्ये नेमकं काय झालं?

१४ नोव्हेंबरपासून यानाकडून डेटाच्या जागी १ आणि ० चा एकच नमुना पुन्हा पुन्हा येऊ लागला. यान जिवंत होतं, आपलं ऐकतही होतं, पण बोलणं अर्थहीन झालं होतं. रिस्टार्ट करून पाहिलं, उपयोग झाला नाही. बरं, यान बांधलं त्या काळातली बरीच मंडळी आता कामावर नाहीत, त्यामुळे टीमला दशकांपूर्वीची कागदपत्रं काढून वाचावी लागली.

मार्च २०२४ मध्ये त्यांनी यानाला एक वेगळी आज्ञा पाठवली. उत्तरात एका कॉम्प्युटरच्या मेमरीची पूर्ण प्रत आली आणि चोर सापडला: डेटाचं पॅकिंग करणाऱ्या त्या कॉम्प्युटरमधली एक चिप गेली होती आणि तिच्यासोबत सुमारे ३ टक्के मेमरी. चिप बदलायला तिथे जाणार कोण? मग त्या चिपवरचा कोड दुसरीकडे हलवायचं ठरलं. पण पूर्ण कोड मावेल एवढी सलग जागा कुठेच नव्हती! शेवटी कोडचे तुकडे केले, सापडेल त्या मोकळ्या कोपऱ्यात बसवले आणि ते पुन्हा एकमेकांशी जोडले. १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला. सिग्नल जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस तास. २० एप्रिलला उत्तर आलं आणि पाच महिन्यांनी यानाची तब्येत पहिल्यांदाच नीट वाचता आली. मला विचाराल तर कुठल्याही सायन्स फिक्शन सिनेमातल्या क्लायमॅक्सपेक्षा ती ४५ तासांची वाट भारी आहे.

यानावर मराठीसुद्धा आहे

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. उद्या कुणा परग्रहवासीयाला सापडलीच तर त्याला आपली ओळख व्हावी म्हणून. कार्ल सेगन यांच्या समितीने ती तयार केली. तिच्यात ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. भारतीय संगीत म्हणून केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या, व्हॉयेजर १ निघाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी. त्यांचा आवाज मात्र अजून पुढे जातोय. तबकडीतला बराचसा आवाज यूट्यूबवर ऐकायला मिळतो, हेडफोन लावून नक्की ऐका.

सिनेमावाल्यांनाही ही कल्पना सोडवली नाही. १९७९ च्या 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'मध्ये काल्पनिक 'व्हॉयेजर ६' महाबलाढ्य यंत्र बनून पृथ्वीकडे परत येतं. (हो, स्पॉइलर आहे. पण सिनेमा इतका जुना आहे की चालेल.)

फोनवर कसं बघायचं?

ब्राउझरमध्ये नासाचं 'डीएसएन नाऊ' हे पान उघडा. कोणती डिश आत्ता कोणत्या यानाशी बोलतेय ते तिथे लाईव्ह दिसतं. डिशवर 'व्हीजीआर१' असं नाव दिसलं की ते व्हॉयेजर १. तुम्ही बघत असलेला सिग्नल तिथून आदल्या दिवशी निघालेला असतो.

नासाच्या व्हॉयेजरच्या पानावर पृथ्वीपासूनच्या अंतराचं मीटरही चालू असतं. वर्षातले काही महिने ते उलटं फिरतं, म्हणजे अंतर कमी होताना दिसतं. घाबरू नका, यान परत येत नाहीये. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते आणि व्हॉयेजर १७ ने, त्यामुळे त्या महिन्यांत आपणच त्याच्या मागे धावत असतो.