सुशीचे प्रकार : संपादकीय तळटीप

सुशी : व्हिनेगर, साखर व मीठ लावलेल्या आखूड दाण्याच्या चिकट भातावर बेतलेले जपानी खाद्य. मासा नसला तरी चालतो, भात मात्र हवाच. त्यामुळे कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना, म्हणजे साशिमीला, सुशी म्हणणे चूक आहे. सर्वांत जुना प्रकार नारेझुशी. खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत आणि खाताना भात बहुधा टाकून देत. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही अशीच होते; तिचा उग्र वास नवख्याला सहसा झेपत नाही. पुढे एदो शहरात (आजचे टोकियो) १८२० च्या दशकात आंबवण्याचा खटाटोप टाळून भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवण्याची रीत रूढ झाली. हीच निगिरी, तिचे श्रेय परंपरेने हानाया योहेई याला दिले जाते. तेव्हाचे मुटके आजच्यापेक्षा बरेच मोठे असत आणि ते हातगाड्यांवर विकले जात. माकी म्हणजे नोरी या समुद्रशैवालाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून कापलेली वळकटी; भात बाहेर ठेवणारी उरामाकी उत्तर अमेरिकेत लोकप्रिय झाली. मुटक्याभोवती नोरीची उभी पट्टी लावून वर माशाची अंडी भरली की गुंकान. ओसाकाची ओशिझुशी लाकडी साच्यात दाबतात, तर चिराशीत भातावर सगळे नुसते पसरतात. इनारी गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरतात. तिच्यात मासा दिसत नाही, पण तोफू ज्या रश्शात शिजवतात त्यात बहुधा सुक्या बोनिटो माशाचा अर्क असतो. शाकाहारी वाचकांनी विचारून घ्यावे. — संपादक