पाणी किती आले आणि वाटेत कोण होते?

पुण्याची नारायण पेठ मुठेच्या उजव्या काठावर आहे. पेशवाईत वसलेल्या या पेठेला नारायणराव पेशव्यांचे नाव मिळाले. पावसाळ्यात पेठेतले लोक धरणाच्या आकड्यांपेक्षा भिडे पुलाकडे पाहतात. तो पाण्याखाली गेला की नदीपात्रातला रस्ता बंद झाला असे समजावे! एखाद्या प्रदेशाला हवामानबदलाची झळ किती लागेल, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात ते आम्ही या पेठेच्याच इतिहासावरून सांगणार आहोत.

१९६१ च्या पावसाळ्यात आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचे काम अजून पुरते झाले नव्हते, तरी त्यात पाणी साठले. जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवण्याची शिकस्त केली. पण १२ जुलैच्या सकाळी मातीचा बांध फुटला. ते पाणी खडकवासल्यात आले आणि एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. लकडी पूल बुडाला. नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीविटांचे वाडे ढासळू लागले.

हा पूर हवामानबदलाचा नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. दोष माणसाच्या कामातला होता. तरीही तो अभ्यासण्याजोगा आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २००७ च्या अहवालात असुरक्षिततेचे तीन भाग सांगितले होते: संकट किती अंगावर येते, त्याने आपले किती बिघडते आणि आपल्याला किती सावरता येते. २०१४ च्या अहवालापासून ही मांडणी बदलली, पण वर्गातल्या फळ्यासाठी आम्हाला जुनीच सोयीची वाटते.

आता हे तीन भाग पेठेला लावून पाहू. सखल काठावरची वस्ती हा पहिला भाग. दुसरा भाग भिंतींचा. त्याच पाण्यात दगडाचे मंदिर उभे राहते, पण कच्च्या विटांची भिंत पायातून विरघळते. तिसरा भाग मात्र वरवर पाहता दिसत नाही. पाणी दिवसाउजेडी आले म्हणून असंख्य लोकांना पळता आले. धरण फुटल्याची बातमी बरीचशी तोंडोतोंडीच पसरली. खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा जुन्या विहिरी आणि पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद उपयोगी पडले. सुधारणेच्या नादात ते आधीच बुजवले असते तर? पुढे अनेक पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या नव्या वसाहतींत घरे मिळाली, पण पेठ होती तिथेच पुन्हा उभी राहिली.

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. उत्तर दहा लाख लिटरच्या आसपास येते. १९६१ च्या लोंढ्यापुढे हे पाणी फारच थोडे होते. तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. नारायण पेठेसमोरच्या काठावर, पुलाच्या वाडीत, पावसापाण्यात हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्याने मरण पावले. वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्यावर भिंत कोसळण्याचे भय कमी झाले. पण वाहनतळात विजेचे मीटर, पाण्याचे पंप आणि उद्‌वाहनाची यंत्रे आली. म्हणजे असुरक्षितता गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. नुसते पाणी मोजणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

पूररेषांचेही असेच आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. हा हिशेबही जुना पाऊस आणि पुढचा पाऊस एकाच जातीचे आहेत असे मानून केलेला असतो. पेठेपासून थोड्याच अंतरावर, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तेव्हा जुन्या नोंदींवर काढलेली लाल रेषा दगडावरची रेघ मानणे धोक्याचे आहे.

मग तयारी करायची ती कसली? खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीहून कमी, तर वरची पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांची मिळून सुमारे २९ टीएमसी. वरची धरणे भरली की खालच्याला पाणी थोपवता येत नाही. म्हणून विसर्गाची सूचना काठच्या माणसाला किती तास आधी मिळते, तीही रात्री की दिवसा, याला फार महत्त्व आहे. नदीकाठच्या शाळांतील नववीच्या मुलांनी आपल्या गल्लीचा एक नकाशा करावा. मीटर जमिनीपासून किती फुटांवर आहेत, तळमजल्यावर एकटे वृद्ध कोठे राहतात, कोणती विहीर अजून उघडी आहे आणि हातगाड्या रात्री कोठे ठेवतात, एवढे त्यात नोंदवावे.